मदत हवी आहे: मस्काडे वाईन आणायचीय, क्लिसाँ घेऊ की गोर्ज?

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात फ्रान्समध्ये नाँतला बहिणीकडे चाललोय आणि तिथली मस्काडे पुण्याला आणायची फार इच्छा आहे. एकदम ड्राय व्हाईट वाईन, द्राक्ष मेलाँ द बुर्गोन्य, मूळ बरगंडीचं पण आता मुक्काम लुआर नदीच्या मुखाकडे, 1709 च्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या बागा गेल्या आणि मग हे थंडी सोसणारं द्राक्ष जोरात लागलं. मला 'स्यूर ली' लिहिलेलीच आवडते, हिवाळाभर यीस्टच्या गाळावर ठेवलेली, जिभेवर हलकी चुरचुर आणि ताज्या पावासारखा वास, कालवांबरोबर तर दुसरं काही नकोच!

आता अडलंय इथे, ड्युटी फ्री 2 लिटरच आणता येते म्हणजे बाटल्या दोनच. क्लिसाँ आणि गोर्ज ही तिथली दोन गावं, त्यांच्याच नावाने मस्काडे मिळते. क्लिसाँची जमीन ग्रॅनाइटची, गोर्जची गॅब्रोची (काळसर अग्निज खडक), दोन्ही गाळावर 2 वर्षं तरी मुरतात. दोन्ही शेजारी ठेवून कुणी प्यायलंय का? तळलेल्या सुरमईबरोबर कुठली जाते? आणि वाईन फ्रिज नाहीये घरी, तर पुण्याचा एक उन्हाळा बाटली काढेल की आणल्या आणल्या संपवावी? प्लीज स्वतःचा अनुभव असेल तर सांगा, नुसतं ऐकीव नको.