चॅनल गायकाच्याच नावावर हवं

रस्त्यावरच्या गायकाचा व्हिडिओ व्हायरल झाला की त्याचं भलं होतं, असं बरेचजण म्हणतात. मला नाही पटत. राणाघाट स्टेशनवर गाणाऱ्या राणू मंडल २०१९ मध्ये देशभर पोचल्या, सिनेमात गायल्या, पण ती लाट लवकरच ओसरली.

आमच्याकडे पहाटे वासुदेव येतात. म्हणून त्यांचं यूट्यूब चॅनल मी त्यांच्या मुलाच्या फोनवर काढून दिलं, पासवर्ड त्याच्याकडेच. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये चिपळ्यांच्या आवाजात त्यांचा गळा बुडत होता. मग फोन दुसऱ्या बाजूने, तोंडाजवळ धरला आणि शब्द न् शब्द कळायला लागला. व्हिडिओखाली पहिल्याच ओळीत यूपीआय आयडी आणि कार्यक्रमासाठी नंबर. लग्नाची दोन आमंत्रणं त्यावरूनच आली!

सिनेमाची गाणी मात्र जपून. यूट्यूबच्या कॉन्टेंट आयडीमुळे (ही यंत्रणा व्हिडिओतलं दुसऱ्याच्या मालकीचं गाणं आपोआप ओळखते) जाहिरातीचे पैसे बऱ्याचदा म्युझिक कंपनीकडे जातात. परंपरेने आलेल्या गाण्याच्या चालीवर कुणाची मालकी नसते. आणि गाणं स्वतः रचलेलं असेल, तर गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी मिळवून देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्यायला गायकाला मदत करा. फॉर्म भरताना शेजारी बसायला माणूस लागतो, तेवढं आपण नक्की करू शकतो.