बारा-तीन-सहा-नऊ मोडले आणि प्रेक्षक पांगला

नदीकाठ (धागा सुरू करताना)

"मराठी चित्रपटाला प्रेक्षकच उरलेला नाही" हे वाक्य अलीकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली आहे. मला ते पटत नाही. सगळ्या प्रेक्षकांना एकाच मापाने मोजल्यामुळे ही समजूत पसरली असावी.

आधी देशभराचे चित्र पाहू. ऑरमॅक्स मीडिया या संस्थेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये देशात सुमारे 103 कोटी तिकिटे विकली गेली होती. हा आकडा 2023 मध्ये 94 कोटींवर आणि 2024 मध्ये 88 कोटींवर उतरला. गल्ला मात्र 2019 पेक्षा वाढलेलाच आहे, कारण तिकिटाची सरासरी किंमत 134 रुपयांपर्यंत पोहोचली. याच संस्थेच्या पाहणीनुसार 2023 मध्ये एकदा तरी चित्रपटगृहात गेलेल्या लोकांची संख्या 15 कोटी 70 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या 11 टक्क्यांच्या आसपास होती. 2023 च्या 94 कोटी तिकिटांना या 15 कोटी 70 लाखांनी भागले, तर जाणारा माणूस वर्षातून सरासरी सहा वेळा जातो आणि दहातले जवळजवळ नऊ जण वर्षभरात एकदाही पायरी चढत नाहीत, असे दिसते. तेव्हा "प्रेक्षक थोडा कमी झाला" असे न म्हणता काही गट पूर्ण बाहेर गेले आहेत आणि काही गट पूर्वीइतकेच किंवा अधिक येत आहेत, असे म्हणणे योग्य ठरेल.

बाहेर कोण गेले? माझ्या मते ज्यांना खेळाची वेळ आधी कळल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही, ते सगळे. बारा, तीन, सहा, नऊ या वेळा आपल्या आईवडिलांना पाठ होत्या. चित्रपट कोणताही असो, वेळ ठरलेली असे. आज शुक्रवारी लागणाऱ्या मराठी चित्रपटाचे बुकिंग बऱ्याचदा बुधवारी किंवा गुरुवारी रात्री उघडते, सोमवारी वेळ बदलते आणि दुसऱ्या आठवड्यात उरलाच तर सकाळी सव्वादहाचा एकमेव खेळ उरतो. दर, आशय, घरबसल्या पाहण्याची सोय ही कारणे खरी आहेतच, परंतु ती या कारणानंतर येतात. आपले अनुभव आणि विरोधी मते दोन्ही वाचायला आवडतील.

अर्धविराम

आकडे योग्य आहेत, निष्कर्ष मला मान्य नाही. वेळेची गैरसोय सगळ्यांनाच असते, तरीही जेव्हा एखादा चित्रपट लोकांना हवा असतो तेव्हा तेच लोक तीच गैरसोय सोसून जातात. 2016 मध्ये 'सैराट'साठी ग्रामीण भागात मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले होते. रात्री बारा ही कोणत्या कुटुंबाच्या सोयीची वेळ आहे? 2023 च्या जून अखेरीस 'बाईपण भारी देवा' लागला आणि पन्नाशीच्या पुढच्या बायका भिशीच्या मैत्रिणींना घेऊन, नऊवारी नेसून, गॉगल लावून चित्रपटगृहात आल्या. त्यांच्यासाठी आधी कुणी वेळा ठरवून ठेवलेल्या नव्हत्या. 2025 च्या फेब्रुवारीत 'छावा' लागला, तेव्हा तर वर्षानुवर्षे चित्रपटगृह न पाहिलेली माणसे रांगेत होती, आणि तो चित्रपट हिंदी होता.

दराचेही तसेच. जो मराठी मध्यमवर्गीय माणूस 250 रुपयांचे तिकीट महाग म्हणतो, तोच रविवारी 400 ते 500 रुपये देऊन नाटकाला जातो. म्हणून मूळ प्रश्न निर्मात्यांचा आहे. वर्षाला शंभराच्या आसपास मराठी चित्रपट येतात आणि त्यांपैकी बहुतेकांच्या जाहिरातीतून "हा मोठ्या पडद्यावरच का पाहायचा" याचे उत्तर मिळत नाही. प्रेक्षक शहाणा आहे, तो थांबतो आणि घरी पाहतो.

माणदेशी

अर्धविराम, तुमचा मुद्दा शहरात बसून योग्य वाटेल. आमच्या गावापासून सर्वांत जवळचा मोठा पडदा साताऱ्याला आहे आणि जाऊन येऊन शंभराहून अधिक किलोमीटर होतात. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी एक चित्रपटगृह होते, तिथे आता मंगल कार्यालय आहे. तिकीटविक्रीची जुनी खिडकी बुजवलेली नाही; लग्नाच्या दिवशी तिच्यातून आहेराच्या पाकिटांची नोंद होते. बाल्कनीचा जिना वधूपक्षाच्या खोलीकडे जातो.

त्याच्याही आधी पुसेगावच्या यात्रेत तंबू लागत. माझ्या लहानपणी बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसत आणि खाली अंथरायला घरून पोते न्यावे लागे. तो तंबू आमच्याकडे येत होता, हे लक्षात घ्या. आज आम्ही पडद्याकडे जायचे आहे. चौघांची तिकिटे सातशे, पेट्रोल पाचशे, मध्यंतराला मुलांना काही घेतले तर चारशे, आणि संध्याकाळचा खेळ सुटेपर्यंत शेवटची एसटी निघून गेलेली असते. एका चित्रपटासाठी सोळाशे रुपये ही शेतमजुराच्या घराची किती दिवसांची कमाई आहे, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आमच्या गावातला तरुण चित्रपट पाहतोच, पण मोबाईलवर पाहतो. त्याला आशय आवडला नाही असे म्हणणे त्याच्यावर अन्याय आहे, कारण त्याच्यासमोर निवड आलेलीच नाही.

अर्धविराम

माणदेशी, तालुक्याच्या गावात पडदाच नाही ही वस्तुस्थिती मी नाकारणार नाही, आणि सोळाशेचा हिशेब वाचून माझे "दर हे कारण नाही" हे विधान फक्त शहरापुरते खरे आहे हे मान्य करतो. मात्र धागाकर्त्यांचा दावा वेळेबद्दलचा आहे आणि तुमचे उदाहरण अंतराचे आहे. दोन्हींची सरमिसळ होऊ नये.

लालबागकर

मी बावीस वर्षे एकपडदा चित्रपटगृहात व्यवस्थापक होतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

बायकांचे गट हा नवा कल आहे असे हल्ली लिहिले जाते, ते बरोबर नाही. हा मराठी चित्रपटाचा सर्वांत जुना आणि सर्वांत विश्वासू प्रेक्षक आहे. 1991 मध्ये 'माहेरची साडी' लागला तेव्हा दुपारी बाराच्या खेळाला बायकांची रीघ लागे. स्वयंपाक, डबे, मुलांची शाळा उरकून त्या येत आणि मुले शाळेतून परतायच्या आत घरी पोहोचत. मध्यंतरात उपाहारगृहात चहापेक्षा पाणी जास्त लागे आणि खेळ सुटल्यावर झाडूवाल्याला खुर्च्यांखाली ओले रुमाल सापडत. त्या बायकांना चित्रपटाचे नाव शेजारणीकडून कळलेले असे, पण वेळ विचारावी लागत नसे. नदीकाठ यांचे म्हणणे मला इथे पटते.

खरा नाहीसा झालेला प्रेक्षक खालच्या स्टॉलचा आहे. आमच्या गिरणगावात पाळी सुटलेला कामगार घरी जाऊन तोंड धुऊन सहाच्या खेळाला येई. दादा कोंडके यांच्या चित्रपटांना पहिल्या चार रांगा त्याच्याच असत आणि त्या रांगांतून जी दाद येई, तिच्यावर वितरक पुढच्या आठवड्याचा निर्णय घेत. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला, गिरण्या पुढे एकेक करून बंद पडल्या आणि त्या कामगाराच्या हातात ना ठरलेला पगार राहिला ना ठरलेली पाळी. त्याचा मुलगा आज मॉलमध्ये सुरक्षारक्षक आहे किंवा घरोघरी पार्सल पोहोचवतो. ज्या इमारतीत पडदे आहेत त्याच इमारतीच्या दारात तो बारा तास उभा असतो, तरी वर जाऊन चित्रपट पाहत नाही. त्याला आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी मिळणार हे आदल्या रात्री कळते. नव्या व्यवस्थेत स्टॉल नावाची स्वस्त जागाच नाही. पूर्वी एकाच छताखाली बाल्कनी आणि स्टॉल यांच्या दरांत मोठा फरक असे; तो फरक गेला आणि त्याच्याबरोबर तो माणूस गेला.

दराबद्दल एक गोष्ट सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्या तिकिटावर तो 18 टक्केच राहिला. तालुक्याच्या उरल्यासुरल्या एकपडद्यांना याने आधार मिळेल. शहरातल्या बहुपडद्यांत शंभराच्या आतले तिकीट एरवी नसतेच, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला याचा लाभ जवळजवळ नाही.

शुक्रतारा

मी पुण्यात शिकते आणि आमच्या वयाच्या मुलामुलींबद्दल "यांना मोबाईल सोडवत नाही" असे जे बोलले जाते त्याने मला मनापासून वाईट वाटते. आम्ही चित्रपटगृहात जातो, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा जातो. कन्नड, मल्याळम, तेलुगू चित्रपट आम्ही उपशीर्षके वाचत पाहतो.

अर्धविराम यांचा "थांबून घरी पाहतात" हा युक्तिवाद मला म्हणूनच अपुरा वाटतो. हिंदी चित्रपट घरी यायला आठ आठवडे लागतात, दक्षिणेतले बरेच चित्रपट चारच आठवड्यांत येतात, आणि तरीही दक्षिणेतल्या गाजणाऱ्या चित्रपटांना पहिल्या आठवड्यात तिकिटे मिळत नाहीत. घरी लवकर मिळते म्हणून लोक जात नसते, तर हे घडले नसते.

आता वेळेबद्दल. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये एका मोठ्या साखळीने 699 रुपयांत महिन्याला दहा चित्रपटांची योजना आणली, ती सोमवार ते गुरुवारसाठी होती. आम्हा विद्यार्थ्यांना ती सोयीची होती आणि लालबागकरकाकांनी सांगितलेल्या सुरक्षारक्षकाला ती बिनकामाची होती. परंतु त्या योजनेतही मला मराठी चित्रपट पाहायला मिळाले नाहीत, कारण त्यांचे खेळ नेमके तासिकांच्या वेळी असत. मराठीतला एक चित्रपट मला खरोखर पाहायचा होता. पहिल्या आठवड्यात परीक्षा होती, दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वादहा, तिसऱ्या आठवड्यात तो गेला होता. या सगळ्यात माझी आवड कुठे कमी पडली?

अर्धविराम

शुक्रतारा, आपला मुद्दा गंभीर आहे, पण चित्रपटगृहाच्या बाजूनेही पाहू. मराठी चित्रपटांना सोयीची वेळ मिळावी म्हणून 2015 मध्ये राज्य सरकारने बहुपडदा चित्रपटगृहांना बंधन घातले आणि ती वेळ शेवटी दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ठरली. तरीही संध्याकाळचा मराठी खेळ सहा प्रेक्षकांत चाललेला मी स्वतः पाहिला आहे; त्या सहांतला एक मी होतो. वीज, वातानुकूलन आणि कर्मचारी यांचा खर्च सहा तिकिटांतून कसा निघणार? सवलतीच्या दिवसांचे दाखले इथे कुणीतरी देईल, म्हणून आधीच सांगतो की सवलतीला येणारी माणसे बहुधा तीच असतात, जी एरवीही येतात.

नदीकाठ

तोच दाखला देतो. 13 ऑक्टोबर 2023 रोजी राष्ट्रीय चित्रपट दिनाला तिकीट 99 रुपये होते आणि सहभागी झालेल्या सुमारे 4,000 पडद्यांवर एका दिवसात 60 लाखांच्या आसपास प्रेक्षक आले. त्या वर्षीची सगळ्या पडद्यांची मिळून रोजची सरासरी 26 लाखांच्या आत येते. तो कामकाजाचा शुक्रवार होता. नेहमी येणाऱ्यांनीच सहापैकी एक फेरी त्या दिवशी केली, असा आपला आक्षेप असेल तर तो पूर्ण खोडून काढता येत नाही. पण एक गोष्ट नजरेआड करू नका: तारीख आणि दर दोन्ही आधी जाहीर झाले होते. लोकांनी आठवडाभर आधी ठरवले, रजा टाकली, मैत्रिणींना सांगितले.

आपण नाटकाचे उदाहरण दिलेत, ते माझ्याच बाजूचे आहे. रविवारी दुपारी चारचा प्रयोग कोणत्या नाट्यगृहात आहे, हे वर्तमानपत्रात कितीतरी दिवस आधी छापून येते. माझे वडील ती जाहिरात पेनाने चौकट करून ठेवतात, औषधाची वेळ त्याप्रमाणे पुढेमागे करतात, रिक्षावाल्याला आदल्या दिवशी सांगतात. पाचशे रुपये ते आनंदाने देतात. हेच वडील चित्रपटाला येत नाहीत, कारण त्यांना नेमके कधी निघायचे हे मी गुरुवारी रात्री साडेदहापर्यंत सांगू शकत नाही. मध्यरात्रीच्या 'सैराट'बद्दलही मला हेच म्हणायचे आहे. गावातल्या माणसाने रात्री बाराचा खेळ सांगितला आणि तो बारालाच लागला.

सहा प्रेक्षकांचा खेळ मीही पाहिला आहे. त्या खेळाची वेळ आदल्या आठवड्यात काय होती, हे आपल्याला आठवते का?

अर्धविराम

आठवते. पहिल्या आठवड्यात दुपारी पावणेतीन होती. मी हे आधी जोडून पाहिले नव्हते. तरीही माझे मत पूर्ण बदललेले नाही: उत्तम चित्रपट वेळेची अडचण ओलांडतो आणि साधारण चित्रपट ओलांडू शकत नाही. वेळ ठरली तर साधारण चित्रपटालाही त्याचा हक्काचा प्रेक्षक मिळेल, एवढे आता मान्य करायला हवे.

बकुळ

मी बराच वेळ वाचत होते. आमच्या भिशीच्या गटात 41 जणी आहेत आणि 2021 च्या नोव्हेंबरात 'झिम्मा' लागला तेव्हापासून, म्हणजे चित्रपटगृहे निम्म्या क्षमतेने चालू होती त्या दिवसांपासून, आम्ही एकत्र जातो. सगळ्यांचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून नेमके सांगू शकते.

मागच्या वेळी चित्रपटाचा खेळ सकाळी सव्वादहाचा होता. आमच्यातल्या निम्म्याजणींना त्या वेळी बाहेर पडता येत नाही. कुणाकडे सासूबाईंची आंघोळ असते, कुणाची नात अकराला शाळेत जाते. मी व्यवस्थापकांना भेटून म्हटले, "एक वाजता लावलात तर 41 तिकिटे आत्ता घेते." त्यांनी दोन दिवसांचा अवधी मागितला आणि बुधवारी एक वाजता खेळ लावला. आमच्याशिवाय त्या दिवशी आणखी 29 तिकिटे विकली गेली, हे बाहेर पडताना त्यांनीच मला सांगितले. त्यांत कॉलेजच्या मुली होत्या, एक निवृत्त जोडपे होते, आणि गणवेश अंगावर असलेले दोन सुरक्षारक्षक होते, जे मध्यंतरानंतर कामावर परतले.

गुरुवारी मी उत्सुकतेने मोबाईलवर पाहिले. खेळ पुन्हा सव्वादहाला लागला होता.