कॅटलॉगमधल्या टोइंगच्या आकड्यावर जाऊ नका

गाडीच्या कॅटलॉगमध्ये २००० किलो टोइंग (म्हणजे मागे ट्रेलर ओढायची क्षमता) लिहिलंय म्हणजे १८०० किलोची बोट सहज ओढेल असं अनेकांना वाटतं, पण तो आकडा अनेकदा गाडीत एक-दोनच माणसं धरून काढलेला असतो. बोटीसकट ट्रेलरच्या वजनातला साधारण १० टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडतात त्या जोडावर येतो, म्हणजे १८० किलो, आणि तो गाडीच्या पेलोडमधूनच (माणसं-सामान मिळून गाडी जेवढं वजन वाहू शकते त्यातून) वजा होतो. पेलोड ५०० असेल आणि पाच मोठी माणसं बसली की ३५० तिथेच गेले, उरलेल्या दीडशेत हिचचा भारच मावत नाही, मग सामान ठेवणार कुठे? शिवाय बोटीच्या वजनात ट्रेलर, इंजिन, पेट्रोल धरलंय का तेही बघा, लोक हमखास विसरतात.

हिचवरचा भार कमी करायचा म्हणून सामान ट्रेलरच्या मागे ढकलू नका हां, मागे जड झाला की ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो. तसं झालंच तर जोरात ब्रेक नको, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा.

आणि रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. तापलेला हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, ग्रीस दुधासारखं पांढरट झालेलं दिसलं तर बेअरिंगमध्ये पाणी शिरलंय समजा.