सततचा राग: याला उदासीचा आजार म्हणावे का?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे)

माझे वय ४६. मकरपुऱ्यातील एका कारखान्यात मी देखरेखीचे काम करतो. गेले दीड वर्ष मला सतत राग येतो आणि तो ओसरला की दोन-दोन दिवस कशातच मन लागत नाही. चहा निवला, मुलाने चार्जर जागेवर ठेवला नाही, एवढे निमित्त पुरते. परवा लक्षात आले की मी घरी असताना पत्नी घासलेली भांडी मांडणीवर लावत नाही. ओट्यावर फडका पसरून त्यावर एकेक अलगद पालथे घालते, कारण भांड्यांच्या आवाजाने मी भडकतो. हे तिने कधी सुरू केले, तेही मला ठाऊक नाही. पहाटे साडेतीनला जाग येते ती येतेच, आणि अलीकडे ‘उद्या उठलोच नाही तर बरे’ असेही मनात येऊन जाते. मेव्हणे मानसोपचारतज्ज्ञांकडे जा म्हणतात. पण मी रडत नाही, कामाला दांडी मारत नाही. मग ही उदासी कशी?

उत्तर १ (रावपुरा)

हाच प्रश्न मीही धरून बसलो होतो, आणि त्यात माझे एक वर्ष गेले. मुख्यतः दोन आठवडे किंवा अधिक काळ मन न लागणे, झोप मोडणे, थकवा, मरणाचे विचार, यांवरून डॉक्टर नैराश्य ओळखतात. रडू आलेच पाहिजे असे नाही. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७, आणि १० किंवा अधिक आले तर नीट तपासून घ्यावे असे मानतात. गंमत अशी की त्या नऊ प्रश्नांत चिडचिडीचा प्रश्नच नाही, त्यामुळे माझ्यासारखा रागीट माणूस ती वाचून ‘हे आपल्यासाठी नाही’ असे ठरवून मोकळा होतो.

मला आधी एकांनी काही न विचारता झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, त्यांनी झोप आली, राग जागच्या जागी राहिला. पुढे नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात हे कोणी बजावले नव्हते, म्हणून मळमळ होते या सबबीवर मी त्या बाराव्या दिवशी सोडल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. बरे वाटू लागल्यावरही त्या निदान सहा महिने चालू ठेवतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू.

कारेलीबागेतील सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयाच्या रांगेत ओळखीचे कोणी भेटेल, याच धास्तीने मी इतका उशीर केला. भेटलेही एक, त्यांनी माझ्यासाठी बाकावर जागा केली.

उत्तर २ (मांजलपूर, निवृत्त समुपदेशक)

‘उठलोच नाही तर बरे’ हे आपण ओघात लिहिले आहे, पण डॉक्टरांना ते सर्वांत आधी सांगावे. आपल्या मनात स्वतःला काही करून घेण्याचा विचार किंवा बेत आहे का, हे मी स्पष्टच विचारते. तसे असल्यास आजच घरच्यांना सांगा, एकटे राहू नका आणि जवळच्या रुग्णालयात जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी-सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, विनामूल्य आहे आणि मराठीतूनही बोलता येते.

थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे, कारण त्यांतील बिघाडानेही असेच होऊ शकते. कधी झोप कमी होऊनही अंगात विलक्षण उत्साह संचारतो, खर्च वाढतो, असे दिवस येऊन गेले असतील तर तेही सांगा. त्यावरून औषध बदलते. दारूविषयी विचारतील, तेव्हा आपल्याकडे दारूबंदी आहे म्हणून संकोचून उत्तर देऊ नका. आणि माझा अनुभव असा की बडोद्यातील मराठी माणूस दवाखान्यात गुजरातीत बोलतो, व्यवहार नीट सांगतो, पण घरात ज्या भाषेत ओरडतो ती तिथे उघडतच नाही. मराठी समजणारे डॉक्टर इथे मिळतात. तसे विचारून घ्यावे.

उत्तर ३ (बाबाजीपुरा)

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे फडका पसरणारी. उशीवर ठोसे मारून राग जातो असे आमच्याकडे कोणी सुचवले होते. त्याने तो वाढलाच. उपयोग झाला तो एका ठरावाचा: छातीत धडधड सुरू झाली की यजमान ‘येतो जरा’ एवढेच म्हणत आणि सुरसागर तलावाला एक फेरी मारून येत. परत आल्यावर विषय पुरा करायचा, ही अट माझी होती, नाहीतर बाहेर जाणे म्हणजे नुसते टाळणे झाले असते. एक मात्र स्पष्ट लिहिते, आजार आहे हे खरे असले तरी मुलाची क्षमा आपणच मागायची आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपल्या सर्वांचा आभारी आहे. बेत नाही, पण विचार येतो, हे काल रात्री पत्नीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, गेल्या दिवाळीपासून. आधी मला कळेना, मग लक्षात आले की ती फडक्याविषयी बोलत होती. सोमवारी सकाळची वेळ घेतली आहे, ती बरोबर येणार आहे.