शब्दचर्चा: खांद्याची कंडरा फाटते, झिजते की विरते?

प्रश्न

खांदेदुखीच्या रुग्णांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहिते आहे. त्यात एक वाक्य असं आहे: 'खांद्याच्या टोकाचं हाड आकडीसारखं वळलेलं असेल, तर त्यावर घासून रोटेटर कफ फाटतो.' हे वाक्य मला तीन ठिकाणी खटकतंय. अक्रोमिअनला, म्हणजे खांद्याच्या टोकाच्या या हाडाला, सहज उमजेल असा शब्द हवा आहे. 'रोटेटर कफ' (खांद्याच्या सांध्याला वेढणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्या) तसंच ठेवलं तर मराठी वाचकाला आधी खोकल्यातला कफ आठवतो. आणि 'फाटतो' हे क्रियापद बरोबर आहे का? कोणी 'झिजतो' सुचवलं, कोणी 'तुटतो'. जाणकारांनी मत द्यावं.

प्रतिसाद (शरीररचना शिकवतो)

पहिल्या शंकेचं उत्तर सोपं आहे. मानेच्या बुडापासून खांद्यावरून बोटं बाहेरच्या बाजूला सरकवत न्या. जिथे हाड संपतं आणि दंडाचा मांसल गोलवा सुरू होतो, तिथे एक टणक, चपटा कोपरा लागतो. तोच अक्रोमिअन. शिंपी खांद्याचं माप घेताना टेप इथेच टेकवतो. ते स्वतंत्र हाड नाही, खवाट्याच्या मागच्या आडव्या कंगोऱ्याचं पुढे आलेलं टोक आहे. (खवाटा म्हणजे पाठीवरचं पात्यासारखं हाड. हा शब्द आता कमी ऐकू येतो, पण तो जपायला हवा.)

संस्कृत परिभाषेत याला 'अंसकूट' म्हणतात: अंस म्हणजे खांदा, कूट म्हणजे शिखर. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'खांद्याचं टोक' असाच होतो. अंस हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुताच्या १०७ मर्मांमध्ये 'अंस' आणि 'अंसफलक' ही दोन्ही येतात. माहितीपत्रकात मी 'खांद्याचं टोक (अंसकूट)' असं एकदा लिहीन आणि पुढे सगळीकडे 'खांद्याचं टोक' एवढंच ठेवीन.

'कफ'बद्दल तुमची अडचण खरी आहे. इथला कफ म्हणजे सदऱ्याच्या बाहीला मनगटाशी असते ती पट्टी. खवाट्यापासून निघालेल्या चार स्नायूंच्या कंडरा दंडाच्या हाडाच्या गोल माथ्याला वरून, पुढून आणि मागून वेढतात, म्हणून ते नाव पडलं. 'कंडरावेढा' कसा वाटतो?

आणि कृपा करून 'स्नायू फाटला' असं लिहू नका. बहुतेक वेळा इजा मांसल भागाला होत नाही, त्याच्या टोकाशी हाडाला चिकटणाऱ्या पांढऱ्या, चिवट भागाला होते. तो भाग म्हणजे कंडरा. सुश्रुताने ५०० पेशी (म्हणजे मांसपेशी), ९०० स्नायू आणि १६ कंडरा अशी वेगवेगळी गणती दिली आहे. त्याचा 'स्नायू' म्हणजे आजच्या मराठीतला स्नायू नव्हे, पण कंडरा मात्र जवळपास तीच राहिली आहे. इतका नेमका शब्द हाताशी असताना 'शीर तुटली' म्हणायची गरज नाही.

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट)

ताई, सरांचा 'कंडरावेढा' मला पटला. मला बोलायचंय ते तिसऱ्या शंकेबद्दल, कारण खरा गुंता तिथेच आहे. 'घासून फाटतो' या दोन शब्दांत कारण गृहीत धरलेलं आहे: वर धारदार हाड, खाली बिचारी कंडरा, हात वर केला की घासणार आणि फाटणार. रुग्णाच्या डोक्यात हे चित्र एकदा बसलं की तो हात वर करायलाच घाबरतो. असे कितीतरी लोक मी रोज बघते. कोपर अंगाशी घट्ट धरून बसलेले असतात, आणि न हलवल्यामुळे खांदा आणखी आखडतो.

हे चित्र आलं कुठून? अमेरिकेतले शल्यचिकित्सक चार्ल्स नीर यांनी १९७२ मध्ये मांडलं की हात वर करताना कंडरा खांद्याच्या टोकाच्या पुढच्या कडेखाली चिमटते. तो भाग तासून काढायची शस्त्रक्रियाही त्यांनी सांगितली. पुढे १९८३ मध्ये तर त्यांनी ९५ टक्के फाटलेल्या कंडरांचं मूळ या चिमटण्यात असल्याचं म्हटलं. १९८६ मध्ये बिग्लियानी आणि मॉरिसन यांनी मृतदेहांचे १४० खांदे तपासून टोकाचे तीन आकार सांगितले: सपाट, कमानदार आणि आकडीदार. प्रमाण अनुक्रमे १७, ४३ आणि ३९ टक्के. फाटलेल्या कंडरा सगळ्यात जास्त आकडीदार टोकाखाली सापडल्या. आजही अहवालात 'टाइप टू', 'टाइप थ्री' असं लिहून येतं ते तिथूनच.

पण एक गोष्ट या चित्रात बसत नाही. हाड कंडरेच्या वर आहे. घासून फाटत असेल तर कंडरा आधी वरच्या बाजूने खराब व्हायला हवी. प्रत्यक्षात अर्धवट फाटलेल्या कंडरांमध्ये सांध्याकडची, म्हणजे खालची बाजू फाटलेली जास्त वेळा दिसते. बॉस्टनचे शल्यचिकित्सक कॉडमन यांनी १९३४ मध्येच लिहून ठेवलं होतं की सुरुवात बऱ्याचदा कंडरा हाडाला चिकटते त्या कडेपाशी, आतल्या बाजूने होते. शिवण जोडाशी सुटते तसं. मराठीत याला 'उसवणं' म्हणतात, आणि इथे तो शब्द अगदी चपखल आहे.

वयाचा भागही आहेच. साठीनंतर काहीच दुखत नसलेल्या माणसांतही कंडरेला भोक पडलेलं सापडतं. वापराने आणि वयाने कापड जागोजागी पातळ होतं तेव्हा आपण ते 'विरलं' म्हणतो. कुणी ओढलेलं नसतं, कशावर घासलेलंही नसतं. बहुसंख्य रुग्णांच्या कंडरेचं हेच होतं. 'झिजणं' मी टाळीन, कारण झिजायला दुसरं काहीतरी घासावं लागतं, आणि वाचक पुन्हा त्या हाडाकडेच जातो. 'फाटणं' राखून ठेवावं ते पडून, झटका बसून अचानक झालेल्या इजेसाठी. तिथे तो शब्द खराच आहे, आणि अशा रुग्णाने लवकर डॉक्टरांना दाखवणं गरजेचं असतं. म्हणून हे दोन प्रकार एकाच क्रियापदात कोंबू नयेत असं मला कळकळीने वाटतं.

प्रश्नकर्ती

फार उपयोगी. 'विरणं' मला सुचलंच नव्हतं. मग हाडाच्या आकाराचा संबंधच नाही, असं लिहू का?

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट)

नाही, तसंही लिहू नका. संबंध आहे, फक्त तो घासण्याचा असेलच असं नाही.

खांद्याचं टोक बाहेरच्या बाजूला किती लांब आलंय, हे बघण्यासाठी एक्स-रेवर एक कोन मोजतात. खवाट्याच्या उथळ खोबणीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एक रेघ, आणि त्याच खालच्या कडेपासून टोकाच्या सगळ्यात बाहेरच्या बिंदूपर्यंत दुसरी. झुरिचच्या संशोधकांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की निरोगी खांद्यात हा कोन साधारण ३० ते ३५ अंश असतो. कंडरा गेलेल्यांमध्ये तो बहुधा ३५ च्या वर, तर सांध्याची झीज झालेल्यांमध्ये ३० च्या खाली. एकाच हाडाच्या लांबी-आखूडपणाने दोन वेगळे आजार दोन बाजूंना जावेत, हे मला विलक्षण वाटतं.

यामागची कल्पना अशी: दंडाचा मोठा स्नायू या टोकापासून निघतो. टोक जितकं बाहेर, तितकी त्याची ओढ दंडाचं हाड वर सरकवते. माथा खोबणीत धरून ठेवायला कंडरावेढ्याला, त्यातही वरच्या कंडरेला, जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे हाड कंडरेला शिवलं नाही तरी तिच्यावरचा ताण वाढतो. म्हणून 'घासून' ऐवजी 'ताण येऊन' लिहा.

शिवाय टोक तासून उपयोग किती, हेही तपासून झालंय. २०१८ मध्ये ब्रिटन आणि फिनलंड इथल्या दोन चाचण्यांत खरी शस्त्रक्रिया आणि फक्त दुर्बीण घालून बघणं यांची तुलना केली. दुखणं कमी होण्यात महत्त्वाचा फरक दिसला नाही. हे रुग्ण कंडरा पूर्ण फाटलेले नव्हते, एवढं मात्र लक्षात ठेवावं.

प्रतिसाद (शरीररचना शिकवतो)

एक भर घालतो. 'आकडी' आणि 'काटा' हे दोन शब्द वेगळे ठेवा. खांद्याच्या टोकापासून पुढे एक अस्थिबंध (हाडांना जोडणारा चिवट पट्टा) जातो, आणि वाढत्या वयात तो हाडाला चिकटतो तिथेच हाड वाढून काटा तयार होतो. एक्स-रेवर दिसणारी 'आकडी' पुष्कळदा हा नंतर वाढलेला काटाच असते, जन्मजात वळण नसतं. एक्स-रेचा कोन थोडा बदलला की आकारही बदललेला दिसतो, त्यामुळे तोच एक्स-रे दोन डॉक्टर वेगवेगळ्या प्रकारात टाकू शकतात. अहवालात 'टाइप थ्री' वाचून 'माझं हाडच वाकडं' अशी समजूत करून घेणाऱ्या वाचकाला हे सांगायलाच हवं.

प्रश्नकर्ती

आता असं लिहिते, बघा: 'दंडाच्या हाडाच्या माथ्याला धरून ठेवणाऱ्या कंडरावेढ्याची (रोटेटर कफ) कंडरा वयानुसार विरत जाते आणि कडेला उसवू शकते. खांद्याचं टोक बाहेर जास्त आलेलं असेल, तर तिच्यावर अधिक ताण येतो. पडल्यामुळे किंवा झटक्याने कंडरा अचानक फाटली आणि हात उचलता येईनासा झाला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.'

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट)

छान झालंय. दुसऱ्या वाक्यात 'ताण येतो' ऐवजी 'ताण येऊ शकतो' करा. टोक लांब असूनही कंडरा शाबूत असलेले लोक भरपूर आहेत. आणि विरलेली कंडरा असतानाही हळूहळू, नियमित व्यायामाने पुष्कळांचा हात पुन्हा वर जातो, हे वाक्य त्याच्या लगेच खाली येऊ द्या. पानाच्या शेवटी ठेवलं तर घाबरलेला माणूस तिथपर्यंत वाचतच नाही.