अनुभव धागा: स्ट्रॅटेजी गेमचे चाहते ओळखीच्या नावांपलीकडे का जात नाहीत?

सिव्हिलायझेशन आणि एज ऑफ एम्पायर्स, या दोन नावांतच आपल्या बहुतेक गप्पा संपतात. दोन्ही उत्तम आहेत, त्यात वाद नाही. पण याच प्रकारातले कितीतरी सुरेख गेम पडून असतात आणि कट्टर चाहतेच ते उघडत नाहीत. माझं मत आधीच सांगते: माहिती नसते म्हणून नव्हे, हातात बसलेलं कसब सोडवत नाही म्हणून. तुमच्याकडून कुठला गेम राहून गेला, कशामुळे, आणि शेवटी तो का उघडलात? सविस्तर लिहा.

*

माझ्यासाठी तो गेम ओल्ड वर्ल्ड. सिव्हिलायझेशन ४ चे मुख्य डिझायनर सोरेन जॉन्सन यांचाच, २०२१ साली आलेला. स्क्रीनशॉट पाहिले की षट्कोनी घरं, शहरं, तुकड्या दिसतात, म्हणजे तेच सगळं, असं वाटतं. खेळायला बसलं की कळतं, प्रत्येक तुकडी दर पाळीला एकदा हलवायची हा नियमच इथे नाही. अख्ख्या राज्याला मिळून ठरावीक ऑर्डर्स मिळतात. त्या एकाच घोडदळाला लांब पळवण्यात खर्च करा, नाहीतर कामगारांना वाटा. एक पाळी म्हणजे एक वर्ष, त्यामुळे राजा म्हातारा होतो, मरतो, आणि वारसाला कसं घडवलं होतं ते तेव्हा महत्त्वाचं ठरतं. सिव्हिलायझेशनच्या सवयीने खेळणाऱ्याच्या ऑर्डर्स मध्येच संपतात, निम्मं सैन्य जागचं हलत नाही, आणि तिथेच बरेच जण गेम बंद करतात. मला वाटतं, सारखं दिसणं हेच त्याला भोवलं. दिसायला वेगळा असता, तर लोक नवे नियम शिकायच्या तयारीनेच बसले असते.

*

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण आमच्याकडे अडचण कंपूची आहे. आम्ही मित्र एज ऑफ एम्पायर्स २ वर जमतो. १९९९ चा गेम, पण २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनपासून (म्हणजे नव्याने सजवलेल्या आवृत्तीपासून) पुन्हा जोरात चालू झालाय. मी राइज ऑफ नेशन्स सुचवला. त्यात प्रत्येक देशाला हद्द असते, आणि समोरच्याने त्यासाठीचं संशोधन केलेलं असेल तर त्याच्या हद्दीत रसदगाडीशिवाय शिरलेलं सैन्य आपोआप झिजत जातं. म्हणजे सुरुवातीची झटपट धाड तशी चालत नाही. आमच्यात जो अशा धाडीवर हमखास जिंकतो, त्याचाच सगळ्यात जास्त विरोध होता! एकट्याने नवा गेम उचलणं सोपं, पण सगळ्यांनी मिळून पुन्हा नवशिके व्हायला तयार होणं फार अवघड.

*

झिरो ए. डी. फुकट आणि ओपन सोर्स (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला) आहे म्हटल्यावर लोक तो अर्धवट असणार असं धरून चालतात. त्यात मौर्य आहेत, आणि त्यांचा कामकरी हत्ती म्हणजे चालतंफिरतं कोठार. लाकूडतोडे पुढे सरकले की हत्तीही त्यांच्यामागे न्यायचा, माल तिथेच जमा होतो. ही एक गोष्ट दाखवली तरी एजचे खेळाडू थांबून बघतात, हा माझा अनुभव.

*

बॅटल फॉर वेसनॉथ. चित्रं जुन्या वळणाची, आणि वार लागणं नशिबावर. जंगलात उभ्या असलेल्या एल्फवर निम्म्याहून जास्त वार वाया जातात, आणि बुद्धिबळासारखी खात्री हवी असणाऱ्यांना ते झेपत नाही. मला मात्र त्यातली दिवस-रात्र फार आवडली. काही सैनिक उजेडात जोरकस, काही अंधारात, त्यामुळे कधी माघार घ्यायची हे घड्याळ बघून ठरवावं लागतं.

*

मी एआय वॉरबद्दल लिहिते. २००९ चा गेम. शत्रू तुमच्यापेक्षा कितीतरी बलाढ्य असतो आणि तुमच्याकडे त्याचं फारसं लक्ष नसतं. जितके ग्रह जिंकाल तितका तो चवताळतो. इतर गेम आपल्याला दिसेल ते काबीज करायला शिकवतात, इथे तसं केलं की संपलंच. कुठला ग्रह घ्यायचा नाही, हाच मुख्य निर्णय. दोघातिघांनी एका बाजूने खेळता येतो. कोणाला सुरू करायचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सुरुवातीचे नियम मी सोबत खेळून समजावेन.