जुन्या लॅपटॉपवर पूर्ण डेस्कटॉप हवाच कशाला?

काजवा (धागाकर्ता):
माझा लॅपटॉप २०१२ सालचा. ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क. त्यावर लिनक्स आणि ग्नोम हा पूर्ण डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, पट्ट्या, सेटिंग्ज सगळं एकत्र देणारा. लॉगिन केल्या केल्या, काहीही न उघडता, सव्वा जीबी रॅम गेलेली असायची. ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब झाले की डिस्कचा दिवा लागायचा तो विझायचाच नाही. माउसचा बाण अडकत अडकत सरकायचा.

दोन महिन्यांपूर्वी ग्नोम काढलं. आता नुसतं ओपनबॉक्स, म्हणजे फक्त खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम, खाली टिंट२ची पट्टी, फायलींसाठी पीसीमॅनएफएम. तेच लॉगिन साडेतीनशे एमबीत होतं. तेवढेच टॅब उघडे ठेवून बाजूला लिब्रेऑफिसमध्ये लिहीत बसतो आणि दिवा शांत असतो. कमी रॅमच्या मशीनवर डेस्कटॉप असा सोलूनच वापरावा, असं माझं ठाम मत झालंय. सगळं व्यवस्थित चालू असलेलं मशीन भंगारात काढायचं कशासाठी?

सांजवारा:
असहमत. लिनक्स रिकामी रॅम तशीच पडू देत नाही, वाचलेल्या फायली तिथे साठवून ठेवतं आणि गरज पडली की जागा सोडतं. त्यामुळे ‘फ्री’ कमांड दिल्यावर ‘अव्हेलेबल’चा रकाना बघायचा, रिकाम्या रॅमचा नाही. आणि खरा खादाड ब्राउझर आहे. डेस्कटॉपवर वाचवलेले आठ-नऊशे एमबी चार जड साइट्स सहज गिळतात. पूर्ण डेस्कटॉप ठेवा आणि टॅब कमी उघडा.

काजवा:
‘अव्हेलेबल’च बघून बोलतोय. १६ जीबीच्या मशीनवर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण ४ जीबीत तेच आठ-नऊशे एमबी म्हणजे स्वॅप (रॅम भरली की डिस्क रॅमसारखी वापरणं) सुरू होणं आणि न होणं यातला फरक. आणि स्वॅप फिरत्या डिस्कवर गेलं की काम संपलंच.

टाकळा:
मी हाच प्रयोग वर्षभर केला आणि सोडला. सोडण्याचं कारण रॅम नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात पार्टिशनचं ॲप उघडायला गेलो. क्लिक केलं, काहीच झालं नाही. पुन्हा केलं, तेच. पासवर्ड विचारणारी खिडकी येते ती पोलकिट या परवानग्या तपासणाऱ्या यंत्रणेच्या एजंटमुळे, आणि तो मी सुरूच केला नव्हता. चूक झाली असं सांगणारंही कोणी नव्हतं. मग सूचना दिसेनात, म्हणून डन्स्ट टाकलं. पेनड्राइव्ह आपोआप जोडला जाईना, त्याची वेगळी सोय केली.

हे सगळं चाललं असतं. पण एकदा लॅपटॉपचं झाकण बंद करून मी खोलीबाहेर गेलो. परत येऊन उघडलं तर स्क्रीन जशीच्या तशी, पासवर्ड न विचारता. किती दिवस असं चालू होतं देव जाणे. डेस्कटॉप आपल्या नकळत ही कामं करत असतो. त्याची रॅम मोजताना ही कामंही मोजा ना!

शिवाय ओपनबॉक्सची शेवटची आवृत्ती, ३.६.१, आली २०१५ साली, आणि ते फक्त एक्स११ या स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर चालतं. तिथे एक प्रोग्राम दुसऱ्यात टाइप केलेलं वाचू शकतो. निदान लॅबडब्ल्यूसी तरी बघा, वळण ओपनबॉक्सचंच पण वेलँड या नव्या यंत्रणेवर.

निवांत:
टाकळा यांना +१. मधला रस्ता आहे की! एक्सएफसीई १९९६पासून चालू आहे, एलएक्सक्यूटीची पहिली आवृत्ती २०१४ची. दोन्ही हलके डेस्कटॉप, आणि कुलूप-सूचना-पेनड्राइव्ह यांची सोय बहुतेक डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या तयार संचांत) आयती मिळते. सोबत झेडरॅम चालू करा, म्हणजे स्वॅप डिस्कवर जाण्याआधी रॅममध्येच दाबून ठेवलं जातं. फेडोरा या डिस्ट्रोत २०२०पासून हे मुळातच चालू असतं. डेस्कटॉप बदलायचाच नसेल तर फायलींची अनुक्रमणिका करणारा भाग बंद करून बघा. केडीई या डेस्कटॉपमध्ये त्याचं नाव बलू. फिरत्या डिस्कवर तेवढ्यानेही फरक कळतो.

पाणकणीस:
माझी दृष्टी अधू आहे. ऑर्का हा स्क्रीन वाचक ग्नोममध्ये एका शॉर्टकटने सुरू होतो. नुसत्या ओपनबॉक्सवर तो बसवताना टिंट२ची पट्टी मला वाचून दाखवेचना. ‘कशाला हवंय’ म्हणून जे काढायला सांगता, त्यात माझं अख्खं मशीन येतं. एवढं लक्षात घेऊन सल्ला द्या, ही विनंती.

काजवा:
पाणकणीस, हे मला सुचलंच नव्हतं. धाग्याच्या सुरुवातीला तशी सूचना टाकतो.

टाकळा, तुमचं वाचून लगेच झाकण बंद करून बघितलं. माझ्याकडेही कुलूप लागत नव्हतं! आत्ता एक्सएसएस-लॉक आणि आय३लॉक जोडलं, दोन्ही मिळून काही एमबीच घेतात. झेडरॅमही आज रात्री चालू करतोय. पण ग्नोमवर परत जाणार नाही. आज सकाळपासून अकरा टॅब उघडे आहेत आणि स्वॅप अजून शून्य दाखवतंय.

सांजवारा:
अकरापैकी व्हिडिओ किती?

काजवा:
एक. बाकी सगळी वाचायची पानं.